एम८ (८ मिमी मेट्रिक) बोल्ट '५/१६' इंचाच्या जागी चालत नाही
जुन्या अमेरिकन ट्रकच्या दाराच्या बिजागरीचा बोल्ट खांबात तुटला, तर उरलेल्या तुकड्यावर नट वेल्ड करून तो फिरवायचा, असं सुचवतात. ते बरोबर आहे, पण तुकडा थोडा तरी बाहेर असेल तरच. १९५० च्या दशकातल्या बऱ्याच अमेरिकन ट्रकना दाराच्या खांबात पक्का नट नसतो. पातळ पत्र्याच्या घरात आटे पाडलेली पट्टी सैल बसवलेली असते, म्हणजे दार मागेपुढे जुळवता येतं. हातोडा मारलात की घर फाटतं आणि पट्टी खांबात खाली पडते. म्हणून गंज सोडवायचं तेल आतल्या बाजूने, बोल्टच्या मागच्या टोकावर रात्रभर मुरू द्या. मग बरोबर मध्यावर पंच, ३ मिमीचं भोक, आणि ५ मिमीचं उलट्या पिळाचं ड्रिल, मशीन उलटं फिरवून. पुष्कळदा तुकडा त्यानेच सुटून येतो. ६.५ मिमीच्या पुढे जाऊ नका, आटे जातील.

एम८ मात्र कृपा करून घालू नका. जाडी जवळपास तीच (५/१६ ची ७.९४ मिमी), पण ५/१६ च्या जाड आट्यांमधलं अंतर १.४१ मिमी, एम८ चं १.२५. दोन फेरे अलगद जातो, मग पट्टीचे आटे खातो. आणि दाराखाली फळी ठेवून जॅक लावा, बिजागरीभोवती खूण करा, एका वेळी एकच बिजागरी सोडा.