राजकन्या पळते कशापासून?

कंदीलवाली: एक क्विअर फँटसी लघुकादंबरी लिहितेय. लग्नाच्या आदल्या रात्री राजकन्या पळते, सीमेवरच्या नदीत होडी चालवणाऱ्या बाईकडे लपते आणि तिच्याच प्रेमात पडते. माझ्या राज्यात दोन बायकांच्या प्रेमाचं कुणाला काहीच वाटत नाही. मुद्दाम तसं ठेवलंय, छीथू वाचून वाचून कंटाळलेय. पण मैत्रिणीनं पहिला खर्डा वाचून विचारलं, "मग ती पळते कशाला?" माझं उत्तर: मुकुटापासून. मुकुटाला वारस हवा असतो. पटतंय का?

शाईचा डाग: मैत्रिणीचं बरोबर आहे. भीतीच काढून टाकलीस तर उरतं काय? बड्या घरची मुलगी रुसून निघून गेली, एवढंच. मी अजून घरी सांगितलेलं नाही. लपणारं पात्र भेटलं की मला कुणीतरी आपलं भेटल्यासारखं वाटतं. तुझ्या राजकन्येचा नुसता हेवा वाटेल.

तिरपा बाण: वाटू दे की हेवा! लपणं मला रोज फुकट मिळतं, त्यासाठी ड्रॅगनवालं पुस्तक कशाला उघडू? इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टरनं 'मॉरिस' ही कादंबरी १९१३-१४ मध्ये लिहिली, दोन पुरुषांना शेवटी सुखानं एकत्र ठेवलं. ती छापली गेली १९७१ मध्ये, तो गेल्यावर. सुखाची गोष्ट सांगणं इतकं सोपं असतं तर एवढी वर्षं पडून राहिली नसती.

जुनी वही: खरीखुरी पळालेली राणी बघा. स्वीडनच्या क्रिस्टिनानं लग्नाला ठाम नकार दिला, १६५४ मध्ये गादी आतेभावाकडे सोपवली आणि पुरुषी वेशात देश सोडला. एब्बा स्पारे या सखीला लिहिलेली तिची पत्रं आहेत, त्यांत प्रेम किती नि तेव्हाची लिहिण्याची रीत किती यावर वाद आहे. कॅथलिक व्हायचं होतं, हेही मोठं कारण. म्हणजे पळण्याला एकच कारण असतं असं नाही. पुढची गंमत अशी की नंतर तिनं नेपल्सच्या गादीसाठी खटपट केली, पोलंडच्याही. तुझी राजकन्या होडीत बसून हुकूम सोडते की नाही? निदान पहिले काही दिवस तरी सोडायलाच हवेत.

शाईचा डाग: हे झकास. पण मग वारसाचा मुद्दा फुसका ठरला ना? आतेभाऊ बसवला, प्रश्न मिटला.

कंदीलवाली: माझ्याकडे मिटत नाही. धरणाचं पाणी राजरक्ताच्या जादूनं अडतं आणि ती जादू फक्त पोटच्या मुलात उतरते. ती निपुत्रिक राहिली तर खालची गावं बुडणार. होडीवालीचं गाव त्यातलंच.

तिरपा बाण: अगं, हे शेवटी सांगतेस?

शाईचा डाग: थांबा. लोकांच्या डोक्यातून काढलेला पूर्वग्रह तू जादूच्या नियमात नेऊन बसवलास. आता समाज नाही, धरणच म्हणतंय की पुरुषाशी लग्न कर. हे जास्त वाईट नाही का? माणसांशी भांडता तरी येतं.

जुनी वही: शिवाय जागा बघ. ह्यूगो, नेब्युला या विज्ञानकथा-फँटसीच्या पुरस्कारांत लघुकादंबरी म्हणजे १७,५०० ते ४०,००० शब्दांच्या आत. धरण, रक्त, गादी समजावत बसलीस तर दोघींनी एकमेकींकडे बघायचं कधी?

कंदीलवाली: शाईच्या डागा, हे लागलं. रक्ताची अट राजघराण्यानंच उठवलेली अफवा असेल तर? आणि पाणी होडीवालीलाही अडवता येत असेल तर?

शाईचा डाग: तर वाचेन. हेवा वाटला तरी.