‘मेटाबॉलिक मार्कर’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : पुण्यातील एका रुग्णालयासाठी मी स्ट्रोकच्या रुग्णांच्या नातेवाइकांना द्यायचे माहितीपत्रक मराठीत लिहीत आहे. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी औषधाने विरघळवल्यावर किंवा कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीतून सरकवलेल्या बारीक नळीने, काढल्यावर रुग्ण कितपत सावरेल, याचा अंदाज रक्तातील ज्या घटकांवरून बांधतात, त्यांना मूळ मजकुरात ‘मेटाबॉलिक मार्कर’ म्हटले आहे. मी ‘चयापचय निर्देशांक’ असे लिहिले. परंतु मसुदा वाचून पाहणाऱ्या एका बाईंनी ‘म्हणजे पोटाचाही त्रास आहे का?’ असे विचारले. योग्य शब्द कोणता?

उत्तर : त्या बाईंच्या कानाने ‘चयापचय’मध्ये ‘अपचन’ ऐकले आणि ही गल्लत अनेकांची होते. ‘पचन’ हा शब्द ‘पच्’ धातूपासून आला आहे, तर ‘चय’ हा ‘चि’ म्हणजे गोळा करणे या धातूपासून, जो आपल्याला ‘संचय’मध्ये नेहमी भेटतो. चय आणि अपचय, म्हणजे पेशीत चालणारी घडण आणि मोड, असा हा जोडशब्द आहे. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असले, तरी एकूण प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. म्हणून रक्तपुरवठा तुटताच ही घडामोड तिथे सर्वांत आधी कोलमडते. पत्रकात शब्द ठेवावा, पण पहिल्या वेळी त्याची फोड करून द्यावी.

‘निर्देशांक’ मात्र काढून टाकावा. शेअर बाजाराचा किंवा महागाईचा निर्देशांक अनेक आकडे एकत्र करून काढतात, तर इथे ग्लुकोज (साखर) किंवा लॅक्टेट (प्राणवायू कमी पडल्यावर पेशींत वाढणारा पदार्थ) यांचा एकच आकडा असतो. ‘लक्षण’ही चालणार नाही, कारण तोंड वाकडे होणे हे लक्षण घरच्यांना दिसते आणि रक्तातील ग्लुकोज मोजावे लागते. माझे मत ‘सूचक’ या शब्दाला आहे (निवडणुकीच्या अर्जावरचा सूचक वेगळा, पण संदर्भामुळे घोटाळा होत नाही). सूचक पुढच्या गोष्टीची सूचना देतो, ती घडवून आणत नाही, आणि नेमका हाच भेद पत्रकातून पोहोचायला हवा.

हे आग्रहाने लिहिण्याचे कारण घरचे आहे. वडिलांना स्ट्रोक आल्यावर दाखल केले तेव्हा बोटाला टोचून काढलेली साखर २४० आली. परिचारिकेने तो आकडा कागदावर लिहून त्याभोवती गोल केला आणि माझा धाकटा भाऊ तीन दिवस त्या गोलाकडे पाहत ‘दादा, साखर उतरली की हात उठेल ना?’ असे विचारत राहिला. दाखल होताना साखर जास्त असलेले रुग्ण सरासरीने कमी सावरतात, हे खरे आहे. परंतु २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘शाइन’ या वैद्यकीय चाचणीत स्ट्रोकच्या १,१५१ रुग्णांपैकी एका गटाची साखर शिरेतून इन्सुलिन देऊन ८० ते १३० दरम्यान काटेकोरपणे ठेवली आणि दुसऱ्या गटाची नेहमीच्या पद्धतीने १८० च्या खाली. ९० दिवसांनी दोन्ही गट जवळपास सारखेच सावरले होते, आणि साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाण्याचे प्रकार पहिल्याच गटात घडले. हे त्या वेळी कुणी समजावून सांगितले असते, तर भावाने तीन रात्री त्या एका आकड्याशी झुंजत काढल्या नसत्या.

‘भाकीत’ऐवजी ‘अंदाज’च लिहावे. भाकिताला ज्योतिषाचा वास येतो. आपल्या शिमला ऑफिसमधून, म्हणजे हवामान खात्याच्या पुण्यातील कार्यालयातून, पावसाचा निघतो तो अंदाज, आणि तो चुकू शकतो हे पुणेकराला वेगळे सांगावे लागत नाही.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. आता वाक्य असे केले आहे : ‘पेशींतील घडामोडीचे, म्हणजेच चयापचयाचे, काही सूचक रक्तात मोजता येतात, त्यांवरून सुधारणेचा अंदाज बांधतात, पण आकडा सुधारला म्हणजे रुग्ण सुधारलाच असे नसते.’ त्याच बाईंना ते वाचून दाखवले. त्यांनी या वेळी पोटाचे नाव काढले नाही. ‘मग साखर सारखी कशाला तपासतात?’ असे विचारले. साखर फार चढली किंवा फार उतरली, तरी मेंदूला इजा होऊ शकते, हे वाक्य त्याखाली वाढवत आहे.