हायब्रिड विकून ईव्ही घ्यावी का? (नाशिक-सिन्नर रोजचं अपडाऊन)

सिन्नर_अपडाऊन:
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. माझ्याकडे 2023 ची ग्रँड विटारा स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर, दोन्हींवर चालणारी) आहे, 41 हजार किमी झालेत, गाडीबद्दल एक तक्रार नाही. राहायला इंदिरानगर, कंपनी मुसळगाव एमआयडीसीत, त्यात महिन्यातून एकदा ठाण्याला आईबाबांकडे जाणं, असं सगळं धरून महिन्याला 1800 किमी होतात. अॅव्हरेज 22 पडतं, पेट्रोल 104 च्या आसपास, म्हणजे साडेआठ हजार पंपावर जातात. माझ्या गाडीचे 13 लाख येतायत, जी ईव्ही आवडलीय ती ऑनरोड 20 ला पडते. बायको म्हणते चांगली चालती गाडी कशाला विकायची, मला वाटतंय आत्ता विकली तरच भाव येईल. खरंच वाचतात का पैसे? कुणीतरी नीट हिशोब करून सांगा.

पाथर्डी_फाटा:
डोळे झाकून घ्या! मी दोन वर्षं वापरतोय, पंपाचं तोंड बघितलं नाही. मुंबईला जाताना इगतपुरीहून समृद्धीला लागतो, ईव्हीला टोल माफ आहे. आणि लोनच्या व्याजावर टॅक्समध्ये दीड लाखाची सूट आहे ती वेगळीच.

कॉलेजरोडकर:
भाऊ ती सूट आता नाही मिळत, 80ईईबी (आयकराचं ते कलम) फक्त 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या लोनला होती. शोरूमवाले अजून सांगतात, मलाही एका ठिकाणी सांगितली होती, सीएला विचारलं तेव्हा कळलं. टोलचंही अटल सेतू, पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धी एवढ्यावरच धरून चाला, जुन्या हायवेने गेलात तर घोटी-पडघ्याला भरावाच लागतो. बाय द वे तुमची आधीची गाडी कोणती होती?

पाथर्डी_फाटा:
डिझेल एसयूव्ही, सिटीत 12 द्यायची. सुटीचं माहीत नव्हतं, धन्यवाद.

द्राक्षबाग:
इथेच सगळा फरक आहे बघा. 12 च्या गाडीवरून ईव्हीवर गेलं की पैसे वाचलेले लगेच दिसतात, पण सिन्नरवाल्या दादांची गाडी 22 देतेय, म्हणजे जे वाचायचं त्यातलं बरंचसं हायब्रिडने आधीच वाचवून दिलंय. आता तुमचेच आकडे घेऊ. 1800 किमीला, युनिटला साडेसहा किमी धरले तर 277 युनिट, चार्जिंगमध्ये थोडी वीज वाया जाते ती धरून 300-305. आता खरी गोम अशी की घरच्याच मीटरवर हे घेतलं तर महावितरणचे स्लॅब आडवे येतात, घरचं 150 युनिट असेल तर हे वरचे 300 पुढच्या महागड्या स्लॅबमध्ये जाऊन बसतात (100 च्या वर एक दर, 300 च्या वर आणखी जास्त, शिवाय वीज शुल्क), म्हणून सरासरी 15 रुपये धरा, साडेचार हजार झाले. म्हणजे महिन्याला वाचले चार हजार. वरचे 7 लाख भागिले 4 हजार, 175 महिने, साडेचौदा वर्षं!! आणि यात लोनचं व्याज धरलेलंच नाही. सर्व्हिसिंगमध्ये वर्षाला काही हजार वाचतील, इन्शुरन्समध्ये थर्ड पार्टीला ईव्हीला 15 टक्के सूट आहे पण हायब्रिडलाही साडेसात टक्के मिळतेच, आणि नव्या गाडीची किंमत जास्त म्हणून एकूण प्रीमियम वाढणारच. तुमच्या विटाराच्या हायब्रिड बॅटरीला 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किमी वॉरंटी आहे, ती अजून निम्मीसुद्धा संपलेली नाही. मी तरी विकणार नाही.

कॉलेजरोडकर:
+1. आज नवीन गाडीच घ्यायची असती तर मात्र मी ईव्हीच म्हटलं असतं, कारण 5 टक्के जीएसटी आणि आरटीओ टॅक्स माफ, विटाराएवढ्या हायब्रिडला 40 टक्के जीएसटी आणि वर 10 ते 20 लाखांच्या पेट्रोल गाडीला लागतो तो 12 टक्के टॅक्स. पण तुम्ही तो टॅक्स भरून बसलायत, तो काही परत येत नाही.

म्हसरूळची_ताई:
दादा, द्राक्षबागांचा हिशोब बरोबर आहे पण सोलर असेल तर चित्र बदलतं. आमचं स्वतःचं घर आहे, 3 किलोवॅट बसवलं, सूर्यघर योजनेत 78 हजार सबसिडी मिळाली, उन्हाळ्यात दिवसाला 12 युनिटच्या पुढे जातं, जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे निम्म्यावर येतं. आमची कार रात्री चार्ज होते पण नेट मीटरिंगमुळे (दिवसा महावितरणला दिलेली जास्तीची वीज बिलातून वजा होते) वळतं होतं. असं असेल तर तुमचे सात-साडेसात हजार वाचू शकतील, सात लाख आठ वर्षांत निघतील. आणि ठाण्याचं म्हणाल तर जाताना कसाऱ्याचा घाट उतरताना बॅटरी थोडी भरते, पण परत येताना कसारा ते इगतपुरी चढताना टक्के भराभर उतरतात, मुलं झोपलेली आणि एसी चालू असताना मी एकदा घोटीला 9 टक्क्यांवर पोचले होते, जीव मुठीत धरून. आता ठाण्यातच जेवताना चार्ज करून निघतो. बाहेरचं फास्ट चार्जिंग 20-22 रुपये युनिट पडतं तेही लक्षात घ्या.

सिन्नर_अपडाऊन:
ताई, फ्लॅट आहे, चौथा मजला, गच्ची सोसायटीची. पार्किंगमध्ये अजून एकही चार्जर नाही. द्राक्षबाग, साडेचौदा वर्षं वाचून बायकोला लगेच फोन दाखवला, ती खूश. ईव्हीसाठी वेगळं मीटर घेतलं तर स्लॅबचा त्रास टळतो ना?

द्राक्षबाग:
हो, ईव्ही चार्जिंगचा दर वेगळा आहे, वरच्या स्लॅबपेक्षा बराच परवडतो. तरी 7 लाख लवकर निघत नाहीत. पण ते मीटर आत्ताच करून ठेवा, सोसायटीची एनओसी, पार्किंगपर्यंत केबल, यात आमच्याकडे चार महिने गेले.

सिन्नर_अपडाऊन:
ठरलं मग, गाडी 2028 पर्यंत ठेवतो. रविवारी सोसायटीची मीटिंग आहे, चार्जरचा विषय मांडतो. अर्जाचा नमुना असेल कुणाकडे तर टाका इथे.

म्हसरूळची_ताई:
माझ्या बहिणीच्या सोसायटीत दिला होता, संध्याकाळी तिच्याकडून घेऊन टाकते.