रॅकला हात लावण्याआधी
जुन्या मारुती ८०० चं स्टिअरिंग सैल झालंय म्हणून थेट रॅकच (स्टिअरिंगनं चाकं वळवणारा दात्यांचा दांडा) बदला, हा सल्ला मला घाईचा वाटतो. दोष बहुतेक वेळा टाय रॉड एंड (रॅकला चाकाशी जोडणारा सांधा) नाहीतर लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या, बुशमध्ये (रबरी कडीत) निघतो, आणि ते रॅकपेक्षा कितीतरी स्वस्त पडतात.

पुढचं चाक उचला (नुसत्या जॅकवर नको, खाली स्टँड हवाच). चाक डावी-उजवीकडून धरून हलवा. खडखड आली तर आधी टाय रॉड एंड बघा. वर-खाली धरून हललं तर बॉल जॉइंट (लोअर आर्मला चाकाशी जोडणारा गोल सांधा) किंवा चाकाचं बेअरिंग. त्यावेळी कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. चाकाचं हलणं थांबलं तर बेअरिंग, तरीही राहिलं तर बॉल जॉइंट.

माझ्या गाडीचे नवे बुश सहा महिन्यांत फाटले होते. मेकॅनिकनं चाकं लोंबकळत असतानाच बुशचे बोल्ट आवळले होते! गाडी खाली उतरवली की रबर पिळलेलंच राहतं. शेवटचं आवळणं गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच करून घ्या, समोर उभं राहून. मग अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं), नाहीतर नवे टायर एका कडेनं झिजतील.