किकॅडमध्ये प्रत्येक भागाचे स्वतंत्र सिम्बॉल असावे का?

पिनजोडणी (धागाकर्ता): किकॅडमध्ये (सर्किट आणि बोर्ड आखण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) रेझिस्टर किंवा कपॅसिटर हवा असला की ‘आर’ किंवा ‘सी’ हे सर्वसाधारण सिम्बॉल, म्हणजे आकृतीतील चिन्ह, मांडायचे आणि मूल्य, फूटप्रिंट (बोर्डावरील भागाच्या जागेचा आराखडा) व उत्पादकाचा भागक्रमांक दर वेळी हाताने भरायचा, अशी बहुतेकांची रीत आहे. माझ्या मते ती सोडून, आपण खरेदी करतो त्या प्रत्येक भागाचे स्वतंत्र सिम्बॉल लायब्ररीत करून ठेवावे. स्कीमॅटिकवर (सर्किटच्या आकृतीवर) नुसते ‘१० मायक्रोफॅरड’ लिहिले, तर खरेदी करणारा ६.३ व्होल्टचा कपॅसिटर घेईल की २५ व्होल्टचा, हे नशिबावर राहते. आणि ०६०३ या छोट्या आकाराच्या, एक्स५आर प्रकारच्या सिरॅमिक कपॅसिटरची धारिता डीसी व्होल्टेज चढल्यावर बरीच घटते, त्यामुळे हा फरक कागदापुरता नसतो. शिवाय कामही फारसे नाही. एलएम३५८ या ऑप-अ‍ॅम्प चिपचे चित्र एकदा काढले की पिना त्याच असलेले टीएल०७२ आणि एनई५५३२ त्यावरून साधित सिम्बॉल (मूळ सिम्बॉलचे चित्र आणि पिना वापरणारे सिम्बॉल) म्हणून करता येतात. मूल्य, डेटाशीट आणि फूटप्रिंट तेवढे बदलायचे.

ओहमकर: असहमत. ई१२ या प्रमाणित मूल्यांच्या मालिकेत दर दशकाला, म्हणजे दहापटीच्या टप्प्याला, १२ मूल्ये असतात. सहा दशके आणि तीन आकार धरले तरी नुसत्या रेझिस्टरचीच २१६ सिम्बॉल होतात, आणि ती कोण सांभाळणार, हे आपण सांगितलेले नाही. २०२१ च्या चिपटंचाईत मिळेल तो पर्यायी भाग बसवावा लागत होता. अशा वेळी सिम्बॉलमध्ये कोरलेला भागक्रमांक बोर्डावरच्या वस्तूशी जुळत नाही. साधित सिम्बॉलची दुसरी बाजूही पाहावी: पिना मूळ सिम्बॉलकडूनच येत असल्याने तिथली एक चूक सगळ्या वंशात उतरते.

तीनपायी: रेझिस्टरपुरते ओहमकरांचे खरे, पण ट्रान्झिस्टरचे काय? सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून बीसी५४७ चा क्रम कलेक्टर, बेस, एमिटर असा येतो, तर २एन३९०४ चा एमिटर, बेस, कलेक्टर असा. त्याहून फसवी जोडी म्हणजे पीएन२२२२ए आणि पी२एन२२२२ए. नावात एका आकड्याचा फरक आणि पाय नेमके उलटे. बेस मधेच राहत असल्यामुळे उलटा बसलेला ट्रान्झिस्टर कमी गेनवर (प्रवर्धनावर) का होईना, चालतो, आणि म्हणूनच ही चूक तपासणीतून निसटते.

ओहमकर: यातून पायांच्या प्रत्येक क्रमासाठी एक सिम्बॉल हवे, एवढेच सिद्ध होते, प्रत्येक भागासाठी एक हवे, असे नव्हे. शिवाय आपल्या या जोडीतला एक भाग दुसऱ्यावरून साधता येणारच नाही, कारण साधित सिम्बॉलला पिनांचे क्रमांक बदलता येत नाहीत.

पिनजोडणी: २१६ सिम्बॉल हाताने काढा, असे मी म्हणत नाही. २०२३ मध्ये आलेल्या किकॅड ७ पासून डेटाबेस लायब्ररीची सोय आहे. तक्त्यातील एक ओळ म्हणजे एक भाग, आणि रेझिस्टरच्या सगळ्या ओळी एकाच ‘आर’ सिम्बॉलकडे बोट दाखवतात. पर्यायी भाग घ्यावा लागला तर ओळ बदलायची. जुन्या प्रकल्पांना त्याने धक्का लागत नाही, कारण स्कीमॅटिक सिम्बॉलची स्वतःची प्रत बाळगते आणि आपण अद्ययावत करण्याची आज्ञा दिल्याखेरीज ती बदलत नाही.

ओहमकर: त्या सोयीसाठी प्रत्येक संगणकावर ओडीबीसी ड्रायव्हर (डेटाबेसशी जोडणारे सॉफ्टवेअर) बसवावा लागतो, हेही नवख्यांना सांगावे. महाविद्यालयातील प्रकल्पासाठी एवढा खटाटोप मी कुणालाही सुचवणार नाही. मोठ्या धारितेचे कपॅसिटर आणि ट्रान्झिस्टर यांची वेगळी सिम्बॉल करा. रेझिस्टरला ‘आर’ पुरेसा आहे.