कॉमेमोरेट नेमकं कधी वापरायचं? सेलिब्रेट चालत नाही का?

माणदेशी_वाचक:
नमस्कार मंडळी, आमच्या गावात हुतात्मा स्मारक आहे, तिथं दरवर्षी ९ ऑगस्टला क्रांतिदिनाचा कार्यक्रम असतो, प्रभातफेरी, पुष्पचक्र, शाळेच्या पोरांची भाषणं वगैरे. यंदा वाचनालयाच्या साईटवर त्याची इंग्रजीत बातमी टाकायचीय आणि लिहायचं काम माझ्याकडे आलंय. एकजण म्हणतो सेलिब्रेट लिही, दुसरा म्हणतो कॉमेमोरेटच पाहिजे. फरक काय आहे नक्की?

रानवारा:
गेटवे ऑफ इंडियाला गेलात की कमानीच्या वर बघा, तिथं कोरलेलं वाक्यच 'इरेक्टेड टू कॉमेमोरेट द लँडिंग इन इंडिया' असं सुरू होतं. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ ला तिथं उतरले त्याची आठवण म्हणून ती वास्तू, खुली झाली मात्र १९२४ ला. नुसतं मनात आठवलं तर रिमेंबर, पण आठवण टिकावी म्हणून चारचौघांत काहीतरी केलं, सभा घेतली, पाटी लावली, पुतळा उभारला, की कॉमेमोरेट. आजीची आठवण आली म्हणून 'कॉमेमोरेट' होत नाही, तिच्या नावाने एसटी स्टँडवर पाणपोई बांधली तर होतं. आणि कर्ता माणूसच पाहिजे असंही नाही, ती पाटीसुद्धा कॉमेमोरेट करते.

शाईपेन:
वरचं बरोबर. आपण जयंती साजरी करतो पण पुण्यतिथी पाळतो ना, तसंच आहे हे, पुण्यतिथी 'साजरी' केल्याची बातमी वाचली की मला फार खटकतं. जिथं जीव गेलेत तिथं सेलिब्रेट नकोच. ऑस्ट्रेलिया न्यूझीलंडमध्ये २५ एप्रिलला अँझॅक डे असतो, पहिल्या महायुद्धात १९१५ ला तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीला त्यांचे सैनिक उतरले तो दिवस, तिथंही पहाटे जमून कॉमेमोरेट करतात, सेलिब्रेट म्हणणं लोकांना आवडत नाही. पण कॉमेमोरेट फक्त दुःखाचंच असतं असं समजू नका, १५ ऑगस्ट १९४८ ला स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्धापनदिनी गांधीजींची टपाल तिकिटं निघाली ती पण कॉमेमोरेटिव्हच.

माणदेशी_वाचक:
मस्त, क्लिअर झालं. मग 'वी कॉमेमोरेटेड द प्रोग्राम' असं लिहू का?

खडू_फळा:
नको नको, कार्यक्रम तुम्ही ऑर्गनाइज केला किंवा हेल्ड म्हणा. कॉमेमोरेट करायचं ते हुतात्म्यांना नाहीतर १९४२ च्या लढ्याला. 'द व्हिलेज कॉमेमोरेटेड द मार्टर्स ऑफ १९४२ विथ अ प्रभातफेरी' असं सरळ लिहा, प्रभातफेरी शब्द तसाच ठेवा, छान वाटतो. क्रियापदापुढे फॉर किंवा अबाउट लावायचं नाही, पुष्कळ जण लावतात. स्पेलिंगमध्ये आधी दोन एम आणि मग एकच एम, बोलताना जोर 'मे' वर. आणि हुतात्म्यांची नावं स्मारकावर कोरलेली असतील तर ती सगळी बातमीत घ्या, जागा कमी पडली तर पाहुण्यांची भाषणं कापा.