बाबांची किडनी आणि पोटातल्या जिवाणूंची पावडर: घ्यावी का?

खारपाण_कास्तकार
नमस्कार मंडळी. संग्रामपूर तालुक्यातून लिहितो. बाबा 64 वर्षांचे, क्रिएटिनिन (किडनी थकली की रक्तात वाढते तो आकडा) 3.1, डायलिसिस अजून नाही. आमच्या पट्ट्यात पाणी खारं, किडनीचे पेशंट गावोगाव. काल ओळखीतला एक जण प्रोबायोटिकची पावडर घेऊन आला. म्हणे चांगले जिवाणू विष खातात, तीन महिन्यांत क्रिएटिनिन खाली. महिन्याचे 2400 रुपये. सोयाबीनचा पैसा अजून हाती नाही. घ्यावी का? अन् पोटातल्या जिवाणूंचा किडनीशी खरंच काई संबंध असते का?

काळीमाती
काई घेऊ नको बाप्पा. आमच्या काकाले असाच कोणी काढा देऊन गेला होता. पोटॅशियम वाढलं, आयसीयूत न्या लागलं.

सूक्ष्मदर्शी
मायक्रोबायोलॉजी शिकवते म्हणून लिहिते. संबंध आहे, पण विकणाऱ्यानं अर्धाच सांगितला. न पचलेलं प्रथिन मोठ्या आतड्यात पोचलं की तिथले जिवाणू ट्रिप्टोफॅनपासून इंडोल आणि टायरोसिनपासून पॅरा-क्रेसॉल बनवतात. पॅरा-क्रेसॉल तुमच्या नाकाला ओळखीचं आहे. सकाळी गोठ्यात शिरल्यावर जो वास येतो, त्यात त्याचा मोठा वाटा. शरीर या दोघांना सल्फेट जोडतं, बाहेर टाकायचं काम किडनीचं. ती थकली की हे रक्तात साचतात. त्यांचा 90 टक्क्यांहून जास्त भाग रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो, म्हणून डायलिसिसमध्येही नीट निघत नाहीत.

क्रिएटिनिन मात्र स्नायूंतून येतं. ते आतड्यात कुणी खाल्लं आणि आकडा उतरला, तरी किडनी होती तिथंच. जपानात हे विषारी पदार्थ आतड्यातच धरायला 1991 पासून खास कोळशाचं औषध आहे. 2015 साली आलेल्या मोठ्या चाचण्यांत त्याचाही ठोस फायदा दिसला नाही. मग या पावडरीची काय कथा!

एक विचारू? बाबांना संडास रोज साफ होते का?

खारपाण_कास्तकार
नाई हो मॅडम. तीन-तीन दिवस नाई. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यापासून जास्तच.

सूक्ष्मदर्शी
मग आधी तेच बघा. मळ जितका तुंबेल, तितका जिवाणूंना प्रथिन कुजवायला वेळ. डॉक्टरांना स्पष्ट सांगा. बरेचदा लॅक्टुलोजचं सिरप देतात. ते आपल्याला पचत नाही, जिवाणूंना पचतं. चोथ्याचंही तेच. तो मिळाला की जिवाणू ब्युटिरेट बनवतात आणि मोठ्या आतड्याच्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात.

वऱ्हाडी_सून
पण भाऊ, हे वाचून फळं अन् पालेभाजी वाढवू नका. पहिले पोटॅशियमचा रिपोर्ट पाहा. माझ्या सासऱ्यांना डायटिशियननं ज्वारीची भाकर ठेवली, तुरीच्या वरणाचं माप बांधून दिलं. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची अन् पाणी फेकायचं, पोटॅशियम कमी होते. मामंजी म्हणत, 'हे भाजी नाई, धुणं आहे.' लसणाची फोडणी दिली तवा खाल्ली. अन् गुडघ्यासाठी मेडिकलातून गोळी आणत असतील तर तेही डॉक्टरले सांगा, दुखीच्या बऱ्याच गोळ्या किडनीले चालत नाईत.

काळीमाती
पावडरवाला नात्यातला आहे काय?

खारपाण_कास्तकार
साळा आहे ना भाऊ. तेच तर वांधं. गुरुवारी अकोल्याले नंबर आहे, तिथं संडासाचं मीच सांगतो. बाबा डॉक्टरसमोर बसले की 'सगळं बेस आहे' म्हणते.